युरोप थंड पडला

परवाच्या भूकंपाने गुड्फिन्नाच्या खड्ड्यातली वाफच पळवली. म्यूवात्न तळ्याकाठी तिच्या घरातल्या प्रत्येक बारशाचा काळा पाव याच गरम मातीत रात्रभर पुरून भाजलेला. उद्या नातीचं बारसं, आणि खड्डा गारढोण!

त्यात तिच्या जिवाला वेगळाच घोर होता. नातीला पणजीचं, म्हणजे आपल्या आईचं नाव मिळावं, एवढीच म्हातारीची इच्छा. पण चर्चमध्ये बाळावर पाणी पडेपर्यंत नाव फोडायचं नाही, ही रीत. लेक आल्फ्रून तर तिला पुरती ओळखून होती. "आई, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला तर मुळीच सांगणार नाही."

शेताच्या कडेने जमिनीला लांबलचक भेग गेली होती. या बेटाखालीच दोन खंडांची शिवण: अलीकडे युरोप, पलीकडे अमेरिका. दोन्ही खंड वर्षाला बोटभर लांब सरकतात आणि मधून पृथ्वीच्या पोटातली आग वर डोकावते. या खेपेला ती मेली नेमकी पलीकडे डोकावली होती, शेजारी केटिलच्या हद्दीत.

तो वाफेवर हात शेकत उभाच होता. "काय गं गुड्फिन्ना, युरोप थंड पडला वाटतं?"

"दात नंतर काढ. मला खड्डा हवाय."

"अमेरिकेत माल उतरवायचा तर जकात पडेल. नातीचं नाव सांग."

"अरे, मलाच माहीत नाही!"

"तुला? जा, कुणाला बनवतेस! मग वाढ कच्चाच पाव."

काखेत पिठाचा डबा, दिवस कललेला. तिने थाप ठोकून दिली, "रान्वेग! पण कुणाला बोललास तर याच भेगेत ढकलीन." थाप मारायलासुद्धा आईच्या नावाशिवाय दुसरं नाव तिच्या जिभेवर आलं नाही.

केटिलचं तोंड तर तिच्याहून सैल. सकाळी तिने मऊ, वाफाळता पाव उकरून काढला, तोवर गावभर झालं होतं. चर्चमध्ये जो तो तिच्याकडे बघून गालात हसत होता. आता भलतंच नाव निघणार आणि आपली इच्छा चारचौघांत उघडी पडणार!

"बाळाचं नाव काय?" पाद्रीने विचारलं.

"रान्वेग," आल्फ्रून म्हणाली.

चर्चभर खसखस पिकली. आल्फ्रूनने वळून डोळे वटारले. "आई! तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं, खरंच कुणी नाही," म्हणत गुड्फिन्ना हसता हसता ढसाढसा रडायला लागली. पावाला लोणी लावायचं काम शेवटी केटिलच्याच गळ्यात पडलं.