जुन्या मशीनचे अकरा तास

अल्पेशच्या नादी लागायचं नाही हे मला आठ वर्षांपूर्वीच कळलं होतं, तरी परत लागलेच. त्याचं वसई स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान आणि माझं इथे पापडीला व्हिडिओ मिक्सिंगचं. लग्न, बाप्तिस्मा, जुबिली, काहीही आणा, तुमचं पाच तासांचं शूटिंग कापून मी तासाभराचं करून देते. दोन हजार सातच्या मे महिन्यात हा बाबा नवीन मशीन रिक्षात घालून आला आणि दारातूनच ओरडला, "लुसीबेन, तुमचा म्हातारा आता रिटायर!"

म्हातारा म्हणजे माझं जुनं मशीन. नव्व्याण्णव साली ह्याच अल्पेशने ते मला गळ्यात मारलं होतं. आत पेंटियम थ्रीचे दोन प्रोसेसर, प्रत्येकी साडेपाचशे मेगाहर्ट्झ. "बांद्र्याच्या स्टुडिओतसुद्धा नाही असं मशीन," असं तेव्हा हाच म्हणाला होता. चर्चची घंटा सोडली तर पापडीत तेवढी महाग वस्तू दुसरी नव्हती. बघायला लोक यायचे. नुसते उभे राहून पंख्यांचा आवाज ऐकायचे आणि मान डोलावून जायचे.

"ह्या नव्यात पण दोनच," अल्पेश म्हणाला. "पण एकाच चिपमध्ये. आधी दोन भाऊ दोन घरांत राहायचे, आता एका खोलीत."

"आणि भांडत नाहीत?"

"एका खोलीत असले की काम पटापट होतं, लुसीबेन."

"डोंबल! आमच्या घरी येऊन बघ एकदा."

पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकाच लग्नाचा पाच मिनिटांचा तुकडा आम्ही दोन्ही मशीनवर रेंडरला लावला. कापलेले तुकडे जोडून मशीन त्याचा एक सलग पिक्चर बनवतं, ते रेंडर. त्यात माणसाला काही काम नसतं. स्क्रीनवर निळी पट्टी सरकत असते, ती बघत बसायचं. नव्याला पाच मिनिटं लागली. म्हाताऱ्याला पंचावन्न, म्हणजे तासाभराच्या पिक्चरला अकरा तास. अल्पेश चहा पिऊन, माझी शेवटची नानकटाई खाऊन, विजयी मुद्रेने गेला. मला मात्र खरंच वाईट वाटलं. मशीनसाठी रडणारी मी बाई नव्हे. पण त्या अकरा-अकरा तासांत माझं एक माणूस अडकलेलं होतं.

बेनेडिक्ट. चर्चच्या मागच्या आळीतला. नव्व्याण्णवच्या डिसेंबरात बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटी घेऊन आला होता. चार दिवसांनी त्याचं कुवेतचं विमान होतं आणि तिथे अडकलेल्या थोरल्या भावाला लग्न दाखवायचं होतं. आमच्याकडे लग्नाचा व्हिडिओ म्हणजे कोर्टाची केस. फादरांचा आशीर्वाद कापायचा नाही, केक दोनदा दाखवायचा, आणि मामाकडची माणसं काकाकडच्यांपेक्षा जरा कमी दिसली की माझं काही खरं नाही. म्हणून माझा नियम असा, की घरातल्या एकाने समोर बसून नावं आणि चेहरे तपासायचे, मगच रेंडर लावायचा. तपासणीला अर्धा तास पुरतो. बेनेडिक्टने नावं तपासली, मी रेंडर लावला आणि म्हटलं, "अकरा तास." तो म्हणाला, "बसतो."

आणि बसला की! दुपारी चारला लाइट गेली, सगळं पाण्यात. दुसऱ्या दिवशी परत लावलं, तर नव्वद टक्क्यांवर मशीन अडकलं. तिसऱ्या दिवशी एकदाची सीडी हातात आली. तीन दिवस हा माणूस माझ्या शेजारच्या स्टुलावर होता. केळी खाल्ली, चिंबोऱ्यांचं कालवण खाल्लं, कुवेतच्या उन्हापासून माझ्या बापाच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यावर बोलून झालं. एकच गोष्ट मी बोलले नाही. सत्तावीस वर्षांची घोडी, गावभर भांडणारी, पण त्याच्याकडे वळून बघायची वेळ आली की मी निळ्या पट्टीकडे बघायची. दोन वर्षांनी त्याचं नंदाखालच्या मुलीशी लग्न झालं. ती दोन हजार चारला आजारपणात गेली, बिचारी. मूलबाळ नव्हतं. मी अजून बिनलग्नाचीच, मला कुणी विचारलं नाही असं नाही, पण माझंच मन कुठे बसलं नाही.

तर नवीन मशीन येऊन पंधरा दिवस झाले असतील, आणि बेनेडिक्ट सुट्टीवर आला. आईवडिलांच्या लग्नाची पन्नास वर्षं झाली, त्या जुबिलीच्या शूटिंगच्या कॅसेटी त्याने मला आणून दिल्या. कापाकापी मी केली. नावं तपासायला तो बुधवारी सकाळी साडेआठला यायचा होता, आणि गुरुवारी त्याचं विमान. म्हणजे माझ्याकडे एकच दिवस. नव्या मशीनवर लावलं तर तासाभरात डीव्हीडी घेऊन हा चालता होणार. मग मी काय केलं? सगळं काम उचलून म्हाताऱ्यात नेऊन ठेवलं. ह्या वेळी बोलायचंच, असं पक्कं ठरवून, खिशात दोन लोकांचं जेवण होईल एवढे बोंबील सकाळीच तळून, मी तयार बसले. खिशात नव्हे, डब्यात. बघा, अजून सुद्धा त्या दिवसाचं बोलताना माझी जीभ अडखळते.

तो आला. कानांवरचे केस पांढरे झालेले, पण बसायची पद्धत तीच, एक पाय स्टुलाच्या दांडीवर. नावं तपासली. मी रेंडर लावला.

"नवीन मशीन घेतलंस ना? अल्पेश सांगत होता."

"त्याचं अजून नीट जमलेलं नाही," मी खोटं बोलले. "ह्याच्यावरच करावं लागेल. अकरा तास."

"बरं," तो म्हणाला आणि उठला. "मग मी आठ वाजता येतो. बॅगा भरायच्यात."

गेलासुद्धा. स्कूटरचा आवाज वळणावर संपला आणि मी डब्याकडे बघत राहिले.

आधी मला त्याचा राग आला. मेल्या, अकरा तास सांगितले तर पूर्वी बसला होतास ना! आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. नव्व्याण्णवलासुद्धा त्याचं घर पाच मिनिटांवरच होतं. तेव्हाही बॅगा भरायच्या होत्या. त्याला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. आठ वर्षं मी समजत होते, की मशीन हळू होतं म्हणून तो बसला. तो माझ्यासाठी बसला होता, तीन दिवस, आणि मी पट्टी बघत होते. काय म्हणावं अशा बाईला?

मी म्हाताऱ्याचा रेंडर बंद केला. सगळं नव्यावर नेलं, लावलं, आणि तासाभरात डीव्हीडी हातात घेऊन त्याच्या आळीला चालू लागले. आता दिवसभराचा वेळ होता. आठपर्यंत वाट बघायची गरज नव्हती.

ओसरीवर त्याची आई कॅथरिनमावशी बसली होती. मूळची पाचूबंदरची. "ये गो, पानी घे," म्हणाली आणि आत निघून गेली. बेनेडिक्ट खोलीत बॅगेसमोर उकिडवा बसला होता.

"एवढ्यात झालं?"

"झालं. नवीन मशीन चांगलं चालतंय. मी खोटं बोलले. तू दिवसभर माझ्यापाशी बसावंस म्हणून." श्वास न घेता मी पुढचंही बोलून टाकलं. "तेव्हाही मला हेच हवं होतं. आजही तेच हवंय. बाकी काही मला बोलता येत नाही."

तो हातातल्या शर्टाची घडी घालू लागला. एकाच शर्टाची तीनदा घडी केली.

"लुसी," तो म्हणाला, "रविवारी मी पॉलिनला हो म्हटलं. कुवेतला नर्स आहे. आई मागे लागली होती. मीही कंटाळलो होतो, एकट्याने जेवायला." मग खाली बघत म्हणाला, "ह्या वेळी तुझ्याकडे जुबिलीच्या कॅसेटी द्यायला आलो, त्या दिवशी माझं ठरलेलं नव्हतं. त्यानंतर चार वेळा आलो मी दुकानात. तू कामात होतीस."

मी खरंच कामात होते. त्याच्याच आईवडिलांचे चेहरे एकेक करून छान दिसतील असे लावत होते.

"चांगली आहे का?"

"चांगली आहे."

"मग झालं तर." मी म्हणाले. बॅगेशेजारची खुर्ची त्याने कपडे उचलून रिकामी केली आणि म्हणाला, "बस थोडा वेळ." मी बसले. तो बॅग भरत होता, मी मोजे जोडीने लावून देत होते. कुवेतला आता पाव कसा मिळतो ते त्याने सांगितलं. मी ऐकलं. अर्ध्या तासाने उठले, मावशीचा निरोप घेतला, निघाले.

दुकान उघडलं तेव्हा अकरा वाजले होते. बोंबील गार झाले होते. अख्खा दिवस पुढे होता.