इंगाबाईचे बिबडे

धुळ्याच्या मिशनबंगल्यात दर महिनाअखेर अनुभव सांगायची बैठक भरे. परदेशातून सेवेला आलेली मंडळी एकेक करून उभी राहत आणि आपापल्या गावात देवानं काय घडवलं ते सांगत. अनुभवाचं कापसासारखंच असतं. जरा पाणी मारलं की वजन वाढतं. कुणाच्या गावात दारुड्यानं बाटली फोडलेली असे, कुणाच्या गावात सासूनं सुनेची माफी मागितलेली असे. अमळनेरच्या इंगाबाईची पाळी आली की ती उभी राही, फ्रॉकच्या बाह्या खाली ओढी आणि म्हणे, "गल्लीतल्या बाया माझ्या खोलीवर प्रार्थनेला अजून येत नाहीत. प्रार्थना करा." की लगेच खाली बसे.

अडुसष्ट सालच्या एप्रिलात बैठक उठल्यावर मिशनचे मोठे साहेब तिच्याजवळ आले. साहेबांना खानदेशात येऊन तीस वर्षं झाली होती. ते हळू बोलत, आणि बोलले की ते ठरलेलं असे.

"अमळनेरची खोली सोडून देऊ," ते म्हणाले. "रिकाम्या खोलीचं भाडं कोणत्या तोंडानं मागायचं? मेच्या मध्यावर मी येतो. संध्याकाळी पडद्यावर चित्रं दाखवू. बाया आल्या तर बघू, नाही तर तू माझ्याबरोबर धुळ्याला चल. इथं कचेरीत काम आहे."

कचेरीत काम, म्हणजे पाकिटं चिकटवायची. परतीच्या एसटीत इंगाबाई खिडकीशी बसली, मग उठून पुढच्या बाकावर बसली, मग परत खिडकीशी आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, एका तिकिटात एकच जागा."

तिचं खरं नाव इंगेर. नॉर्वेतल्या एका कोळ्यांच्या गावातली पोर, चोविशीची. दोन वर्षं स्वखुशीनं सेवेला आलेली. निघताना तिच्या आईनं बजावलं होतं, द्यायला चालली आहेस, कुणावर भार होऊ नकोस. पोरीनं हे वाक्य इतकं घट्ट धरलं होतं की गल्लीत वर्षभरात तिनं कुणाच्या घरचा गुळाचा खडासुद्धा घेतला नव्हता. कुणाचं मूल तापलं की ही पट्ट्या ठेवायला हजर. उन्हाळी कामं निघाली की हिच्या बाह्या वर. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एकूण एक गच्चीवर तिनं बिबडे थापले. बिबडा म्हणजे ज्वारीचा पापड, पण लाटायचा नाही. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचा तिखटमीठ घालून घाट शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर ओल्या हातानं थापायचा. घाट निवला की संपलं. म्हणून एकटीदुकटीचं ते कामच नाही. पाच-सहा बाया लागतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या.

काम झालं की येणारीला बिबड्यांची चवड वानवळा म्हणून मिळायची. इंगाबाई पुस्तकातल्या मराठीत म्हणायची, "आपले आभारी आहे, परंतु मी सेवेसाठी आले आहे." आणि चवड तिथंच ठेवून निघायची. बाया एकमेकींकडे बघायच्या. तिला वाटायचं, आपल्या निःस्वार्थीपणाचं त्यांना नवल वाटतंय.

नवल खरंच वाटत होतं, पण ते निराळं.

साहेबांनी ठरवलेला बुधवार तीन दिवसांवर आला तेव्हा तिच्यानं घरात बसवेना. खोली झाडून झाली, सतरंजी दोनदा झटकून झाली, पडद्यावर दाखवायच्या चित्रांच्या काचा पुसून झाल्या. शेवटी ती घरमालकीण सज्जनबाईंकडे वर गेली. सज्जनबाईंचे यजमान चंपालाल कापडाचे व्यापारी. बाई स्वतः झोपाळ्यावर बसून अख्खी गल्ली सांभाळायच्या.

"सज्जनबाई, खरं सांगा. माझ्या धर्मामुळं बायका येत नाहीत का?"

"धर्माचं काय घेऊन बसली?" सज्जनबाई झोपाळा न थांबवता म्हणाल्या. "आम्ही जैन. कांदा-लसूण घरात नाही, तरी खालच्या सुंदरबाईकडे माझं येणं-जाणं आहे. ती माझ्या मुगाच्या पापडांना येते, मी तिच्याकडं जाते, लसणाला हात न लावता कापडं ओली करून देते. तू मात्र सगळ्यांकडे जाते आणि कुणाला बोलवत नाही. दिलेलं परत करते. मग आमच्या मानेवर बसली की नाही तू?"

"मी मानेवर?"

"ज्या माणसाचं फेडायची सोय नाही, त्याच्या दारावरून जायचं म्हटलं तरी जड जातं, बाई. समोरून येताना दिसली की सुंदरबाई पलीकडच्या बोळानं जाते. तुझ्या येशूला घाबरून नाही जात."

इंगाबाई जिना उतरली, पुन्हा चढली, काही विचारायचं राहिलं असं वाटून तोंड उघडलं आणि तशीच उतरली. सरळ सुंदरबाईच्या ओट्यावर गेली. सुंदरबाई पन्नाशीची, घरची शेती, आवाज रानातून गावात ऐकू येईल असा.

"कसाले उनी वं इंगाबाई?"

"मला बिबड्यांचं पीठ द्या," इंगाबाई म्हणाली. गल्लीत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. मागताना तिचे कान लाल झाले होते.

सुंदरबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "तुले?"

"मला. माझ्या घरी बिबडे करायचे आहेत. बुधवारी."

सुंदरबाई आत गेली आणि चांगली पाटीभर पीठ घेऊन आली.

आता इथं शहाण्या माणसानं त्याच वेळी चार दारं ठोठावून यायचं. पण जन्माची खोड अशी एका दुपारीत जात नाही. इंगाबाईनं मनाशी ठरवलं, बायांना कशाला त्रास? आपण एकटीनं पहाटे उठून सगळं करायचं, आणि मग तयार बिबडे खायला बोलवायचं. म्हणजे पुन्हा देणारी हीच.

बुधवारी पहाटे तिनं मागच्या गच्चीवर चूल पेटवली. आधण आलं, पीठ पडलं, आणि घाट आवळायला लागला. तो लाकडी दांड्यानं ढवळायचा असतो, आणि शेवटी शेवटी त्यात दांडा उभाच राहतो. इंगाबाईचे हात भरून आले. एका बाजूला गुठळ्या, दुसऱ्या बाजूला बुडाला लागल्याचा वास. कापड तर तिनं काढलंच नव्हतं. घाट निवायला लागला. तिनं साहेबांची गाडी किती वाजता येते ते आठवलं, पातेल्याकडे बघितलं, गच्चीच्या कठड्याशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिनं कठड्यावरून वाकून पुस्तकातलं मराठी सोडून दिलं.

"सुंदरबाई, या ना वं. माझ्यानं होत नाही."

गल्ली जणू वर्षभर याच हाकेची वाट बघत दाराआड उभी होती. सुंदरबाई आली, मागून कुंदाबाई, पुष्पाबाई, तानुबाई. पदर खोचूनच आल्या.

"सरक, हात भाजी लेशी," सुंदरबाईनं दांडा हिसकावला. "हाई घाट शे का रस्ताना डांबर?"

"नॉर्वेत असाच करतात," तानुबाई म्हणाली, आणि बाया हसल्या. इंगाबाईपण हसली, जरा उशिरानं.

"कापड आन. थंडा व्हई राह्यना."

इंगाबाईनं दोन टॉवेल आणले. बाया टॉवेलांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात सज्जनबाई जिन्यातूनच म्हणाल्या, "खोलीत एवढं मोठं पांढरं कापड गुंडाळून ठेवलंय, ते कशाला?"

तो चित्रांचा पडदा होता. मिशनचा. आज संध्याकाळचा. इंगाबाई क्षणभर हलली नाही. घाटावर साय धरत होती. मग ती धावत खाली गेली आणि पडदा घेऊन आली. सज्जनबाईंनी तो भिजवून गच्चीभर पसरला आणि लसणाच्या वासापासून दूर जाऊन बसल्या. बाया पलीकडच्या कडेपासून थापत मागं सरकल्या. थापता थापता इंगाबाईची आई काय करते, भाऊ किती, लग्न का राहिलं, समुद्रात बाप बुडाला तेव्हा घरात कोण होतं, सगळं विचारून झालं. बैठकीत वर्षभर तिच्या तोंडून जे निघालं नव्हतं, ते इथं पाच तोंडांनी बाहेर काढलं. बापाचं सांगताना तिचा हात थांबला, तर सुंदरबाई म्हणाली, "थाप वं, बोल आणि थाप."

साहेब दुपारच्या गाडीनं आले. खोली रिकामी, सतरंजी रिकामी. त्यांनी घड्याळ बघितलं.

"पडदा कुठे आहे?"

"वाळतो आहे," इंगाबाई म्हणाली.

साहेब गच्चीवर गेले आणि दारातच थांबले. उन्हं उतरल्यावर बाया बिबडे सोडवायला आल्या. पडदा उलटा करून मागून पाण्याचा हात फिरवला की बिबडा सुटतो. काम संपेस्तोवर अंधारून आलं. आता आल्याच आहात तर चित्रं बघा, म्हणून साहेबांनी तोच पडदा तिथंच भिंतीवर लावला. पडद्यावर गोल गोल डाग. मेंढ्या राखणारा पहिल्याच चित्रात आला आणि त्याच्या चेहऱ्यावर एक मोठा गोल बसला.

"सुंदरबाई, ये तो तुमारा," सज्जनबाई म्हणाल्या.

"मना नही. तो वाकडा शे, तो इंगाबाईना."

साहेबांचं सगळं वर्णन त्या गोंधळात वाहून गेलं. दिवा विझवल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि इंगाबाईला उद्याच्या गाडीचं विचारलं. ती उत्तर द्यायच्या आत सुंदरबाई मधे आली.

"साहेब, ही पोर आमना देनामा शे. आज पाच घरना हात लागनात. पुढला उन्हाया फेडी, मंग लई जा."

साहेब बराच वेळ पडद्याची गुंडाळी करत राहिले. ती नीट होईना; कापडाला खळ चढली होती.

"मंग राहू दे," शेवटी ते म्हणाले.

इंगाबाईनं त्या रात्री दारोदार वानवळा पोचवला, आणि दर दारात तिच्या हातावर काही ना काही ठेवलं गेलं. तिनं ते घेतलं. घेताना अवघड वाटलं. ते पुढंही वाटतच राहिलं.

महिनाअखेर धुळ्याला तिची पाळी आली. ती उभी राहिली, बाह्या ओढल्या. कुठून सुरुवात करावी कळेना. तोच खिडकीतून तिला पूर्वेकडे काळं आभाळ दिसलं. सुंदरबाईच्या कुरडया आज गच्चीवर वाळत होत्या, आणि सुंदरबाई शेतात गेलेली.

"माझा अनुभव पुढच्या वेळी सांगते," ती म्हणाली. "चारची एसटी आहे." आणि पिशवी उचलून चालू लागली.