ऐदु की एडु

चादरीच्या कारखान्याच्या मालकाला, सिद्रामप्पाला, बोलायला काय जातंय! म्हणे, जुना माग भंगारात, त्याचे पुठ्ठे सूत रंगवायच्या भट्टीत. नव्या मशीनला ते बसत नाहीत म्हटल्यावर त्यांचं काय लोणचं घालायचं?

त्याच्याच मागांवर राबणारी काशम्मा मात्र पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांपुढं उभी राहिली. पुठ्ठ्याला भोक असेल तिथंच मागाचा दोरा उचलायचा, नक्षी उमटायची ती त्या भोकांतून. आणि या पुठ्ठ्यांत तिच्या नवऱ्याचं, शिवपुत्राचं डाळिंब होतं. बहात्तरचा दुष्काळ सरता सरता त्यानं ते काढलं, एकच चादर विणून बघितली आणि काविळीनं गेला. ती चादर काशम्मानंच त्याच्या अंगावर घातली. माती लोटली ती चादरीसकट. नक्षीचा कागद वाळवीनं खाल्ला. आता डाळिंब जगात उरलं होतं ते एवढ्या पुठ्ठ्यांवर.

"नवे पुठ्ठे करा, पर पहिली चादर उतरंपतूर जुन्यास्नी हात लावू नगा, मालक."

"बरं बाई, तुझं खरं," सिद्रामप्पा हसला.

नव्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायला नरसय्या बसला. तो तेलुगू घरातला, हाताचा पक्का. काशम्मानं जुन्या पुठ्ठ्यावर बोट फिरवून कितव्या घरात भोक आहे तो आकडा सांगायचा, त्यानं नव्यावर तिथं ठोकायचं. शेजारी माग खडखडत होते. चुकेल का, चुकेल का, या धास्तीनं ती प्रत्येक भोक दोनदा चाचपत होती.

नवी चादर चढली. काठ झकास आला. काशम्माचा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो तोच डाळिंब वर आलं, आणि त्याचं पोट पार फाटलेलं! दाणे भलतीकडेच सांडलेले.

"अगं बया! नरसय्या, पाचाला काय ठोकलंस रं?"

"पाच कुठं म्हणालीस, अक्का? एडु म्हणालीस. एडु म्हंजे सात की!"

"एडु न्हाय रं! ऐदु! ऐदु म्हंजे पाच!"

काठ संपेपर्यंत ती मराठीत बोलत होती. पुढं धास्तीत जीभ माहेरच्या, मैंदर्गीच्या कानडीवर कधी घसरली, तिचं तिलाच कळलं नाही. आणि त्या खडखडाटात नरसय्याच्या कानानं आपल्या घरचा आकडा ऐकला.

"जुनं हायत की अजून!" म्हणत ती धावली. पुठ्ठे भट्टीच्या दाराशी होते, पण शेवटचा गठ्ठा नव्हता. भट्टीवाल्या तात्याबानं तो पेटवणाला घातला होता.

"मला कुणी सांगितलं व्हतं व्हय?" तो म्हणाला. खरंच होतं ते. मालक सांगायलाच विसरला होता.

काशम्मानं भट्टीच्या तोंडाशी वाकून राख चिवडली. दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारखं वाटलं तिला.

डाळिंबाचा वरचा भाग जुन्या पुठ्ठ्यांवरून दुरुस्त झाला. खालचा भाग जळालेल्या गठ्ठ्यात होता; त्याला उरले नुसते चुकीचे नवे. त्यांत खरे सातही होते आणि पाचाचे झालेले सातही. एकेका भोकावर बोट ठेवून नरसय्या विचारायचा, "पाच की सात, अक्का?" काशम्मा डोळे मिटायची. नवऱ्याचा हात कागदावर कसा वळायचा ते आठवायची, त्याच्या अंगावरची चादर आठवायची. काही आठवलं. जिथं काही केल्या आठवेना, तिथं तिनं छातीवर दगड ठेवून आपल्या मनानं सांगितलं. आणि मराठीत सांगितलं.

दुसरी चादर उतरली. डाळिंब चांगलं भरलेलं, बुडाशी जरा एका अंगाला कललेलं.

"हुबेहूब शिवपुत्राचं!" सिद्रामप्पा ओरडला. "त्याचंच नाव देऊ नक्षीला."

काशम्मानं फळावरून हात फिरवला.

"वरलं त्येचं हाय, मालक," ती म्हणाली. "खाललं माजं हाय. नाव दोगांचं घाला."