बेबाबाईचं फडकं

बेबाबाई गेली, हे गावाला शेजारच्या छगनच्या पोरीमुळे कळलं. त्या दिवशी मी धुळ्याला होतो, विहिरीवरची जळालेली मोटार दुरुस्तीला टाकायला. पोरगी सकाळी ताक घ्यायला आली, आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काकू उठत नही."

मग गाव जमलं, आणि जमून ओट्याखाली उभं राहिलं. आमचा कुत्रा टिप्या उंबऱ्यात आडवा बसला होता, दात काढून. दुपारी मी एस.टी.तून उतरून आलो तेव्हा चाळीसेक माणसं हातात काठ्या घेऊन उभी होती, आणि माझी बायको आत एकटी पडून होती. सरपंच म्हणाला, "नाना, तुमनं कुत्रं कोनले मझार जाऊ देस नही." निवडणुकीत हाच माणूस छाती ठोकून बोलत होता. सहा वर्षांची पोरगी तेवढ्यात दोनदा आत जाऊन आली होती. दुसऱ्यांदा तर ताकाचं भांडं विसरलं म्हणून.

पोरीला टिप्या अडवत नसे, कारण बेबाबाईने तिची ओळख करून दिली होती. नवं पोर घरी आलं की ती त्याला ओट्यावर शेजारी बसवायची आणि तिचं एक फडकं त्याच्या खांद्यावर टाकायची. जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो. भाकरी थापताना हात पुसायची, रात्री उशाला घ्यायची. कुत्र्याला हाक मारायची नाही. पोराला सांगायची, त्याच्याकडे बघू नको, पळू नको. टिप्या आपल्या मनाने यायचा, हुंगायचा. मग ती त्याला भाकरीचा तुकडा घालायची आणि म्हणायची, "आपला शे." एवढंच. त्या दिवसापासून ते पोर टिप्याच्या राखणीत.

मी याला बायकांचे चाळे म्हणायचो. टिप्या घरी आल्यापासून, अकरा वर्षं म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण ताईबाई घर आवरायला बसली. आवरायला म्हणजे बेबाबाईचं जे जे दिसेल ते गोळा करायला. लुगडी, गोधडी, वहाणा, आणि चुलीजवळच्या खुंटीवरचं ते फडकंही. गाठोडं बांधून अंजनी नदीच्या पात्रात सोडून आली. मी म्हटलं, "अक्का, ते फडकं कुत्र्याचं होतं."

"मरेलनं फडकं कोन घरमा ठेवस?" ती म्हणाली. "आनि कुत्राले कसानं फडकं रे? तुनी अक्कल बी तिनासंगे गई का?"

मेलेल्याची वस्तू घरात ठेवली की त्याचा जीव अडकतो म्हणे. जीव अडकला असता तर बरंच झालं असतं. पण मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोललो नसतो. ताईबाईपुढे मी कधीच बोललेलो नाही.

सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी सोयरेधायरे पोरंबाळं घेऊन आले. मी टिप्याला साखळीने गोठ्यात बांधला. बांधलेला कुत्रा जास्त चिडतो, हे बेबाबाई सांगायची. पण ऐंशी पानं उठायची होती आणि प्रत्येक जण येऊन मला एकच शहाणपण सांगत होता, "कुत्रं बांधा." बांधलं. मग त्यांचीच पोरं गोठ्यापुढे उभी राहून त्याला ढेकळं मारू लागली, आणि आया वरण वाढून घेत होत्या.

बेबाबाईचा भाऊ पितांबर तिकडे गेला. सोबत त्याचा पाच वर्षांचा नातू. मी मागून ओरडलो, "पितांबर, पोराला घेऊन मागे फिर."

"दाजी, मना घर चार कुत्रा शेतस," तो म्हणाला. त्याच्या घरची चार कुत्री मी पाहिली आहेत. दारात माणूस आला की खाटेखाली जातात. त्याने नातवाचा हात धरून टिप्याच्या डोक्यावर नेला. "फिराव हात, फिराव. काही करत नही. आपली बहीणनं कुत्रं शे."

टिप्याने आधी मान वळवली. मग ओठ वर केला. मग गुरगुरला. तीनदा सांगितलं त्याने. पितांबरला चार कुत्र्यांनी मिळून एवढंही शिकवलं नव्हतं. चौथ्या वेळी पोराचा पंजा तोंडात होता.

पोर किंचाळलं. टिप्याने लगेच सोडलं, पण दोन दात रुतले होते. पितांबर ओरडत होता, "मिरची आना! मिरची भरा!" त्याची बायको खरंच मिरचीचा डबा घेऊन धावली. मी तो डबा हिसकावून फेकला, पोराला नळावर नेलं आणि साबणाने हात धूत राहिलो. पोर मला लाथा मारत होतं. ते शहाणं होतं. लाथा कोणाला तरी मारायलाच हव्या होत्या.

नळावरून मान वर केली तर पितांबर आणि दोघे जण काठ्या घेऊन गोठ्याकडे चाललेले.

"मारा," मी म्हटलं. "मारा आणि मग पोराच्या पोटात चौदाच्या चौदा सुया घ्या. कुत्रा दहा दिवस जगला तर पिसाळलेला नाही हे कळतं. मेला तर काय कळणार?"

काठ्या खाली आल्या. कुत्र्याची दया कोणाला आली नव्हती. सुयांचा आकडा ऐकून आली.

टिप्या दहा दिवस जगला, धडधाकट. डॉक्टरांनी उरलेल्या चार सुया थांबवल्या. पण दहा सुया त्या पोराने खाल्ल्याच, आणि पितांबर गावभर सांगत फिरला की दाजीने कुत्र्यापायी सोयरिक मोडली.

माझी मुलगी मंदा सुरतेला असते. तिची हर्षू साडेतीन वर्षांची. बाळंतपण सुरतेलाच झालं, गंधमुक्तीलाही मंदा तिला सासूजवळ ठेवून आली होती, त्यामुळे टिप्याने तिला पाहिलेलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हर्षूला घेऊन यायचं ठरलं होतं. बेबाबाईने झोक्याचा दोर पौषातच आणून ठेवला होता. मंदाचं पत्र आलं: येईन, पण कुत्रा असेल तर त्या घरात पोर आणणार नाही.

आखाजीला ती आली आणि छगनकडे उतरली. माहेर समोर असून शेजारी उतरली. हर्षू भिंतीवरून टिप्याकडे बघत होती आणि टिप्या तिच्याकडे. दोघांमध्ये मी, अकरा वर्षांत काहीच न शिकलेला.

"आबा, सोडी या त्याले कोठे तरी," मंदा म्हणाली.

"सोडणार नाही. त्याला मी शिकवीन."

"तुम्ही?" ती हसली. आईच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा हसली, तेही असं. "माय काय करे, ते तुम्ही कधी देखं का?"

पाहिलं होतं, पण लांबून, तोंड वाकडं करून. बेबाबाई फडकं खांद्यावर कोणत्या बाजूने टाकायची, भाकरीचा तुकडा हातातून द्यायची की जमिनीवर टाकायची, ते मला सांगता येईना. भाकरी जमिनीवर टाकायची, असं छगनच्या पोरीने सांगितलं. तिला आठवत होतं.

जाताना मंदाने हर्षूचा अंगात घातलेला झबला उतरवला आणि न धुता माझ्या हातात दिला.

तो झबला मी माझ्या उशाला घेतो. सकाळी माझ्या खांद्यावर टाकतो आणि ओट्यावर बसतो, टिप्याकडे पाठ करून. हाक मारत नाही. पहिले पंधरा दिवस तो उंबऱ्यातून हलला नाही. त्याला माझी किंमत माहीत आहे. मी त्याला आजवर दगड मारून हाकललं आहे, दुसरं काही दिलेलं नाही. मग एके दिवशी आला, झबला हुंगला आणि परत गेला. आता येतो, हुंगतो, बसतो. मी भाकरी जमिनीवर टाकतो आणि म्हणतो, "आपली शे." माझ्या तोंडून ते हुकमासारखं निघतं.

झोक्याचा दोर अजून गुंडाळलेलाच आहे. दिवाळीला पोरीला घेऊन ये, असं पत्र मी मंदाला अजून लिहिलेलं नाही. हर्षू अजून एकदाही ओट्यावर बसलेली नाही.