विसरलेले अभ्रे

प्रयोगशाळेत तिला सगळे दशांशबाई म्हणत, आणि ते आपलं कौतुकच आहे असं समजून ती चालत असे. काम तसं एका ओळीचं. हायड्रोजनचे दोन जड भाऊबंद यंत्राच्या पोटात एकमेकांवर आदळून एक होतात आणि त्यातून ऊर्जा निघते. ती ऊर्जा मोजायची, एका मीलनातून किती निघते त्याने भागायचं, की सेकंदाला किती मीलनं झाली ते कळलं. जुन्या यंत्रावर नऊ वर्षं ती भागत आली होती. तिचं उत्तर पुन्हा तपासायची हिंमत कुणी केली नव्हती, आणि गरजही पडली नव्हती.

नवं यंत्र आलं आणि माशी शिंकली. एक मेगावॉटच्या पहिल्याच चाचणीत तिचा आकडा आला सेकंदाला चार हजार चारशे कोटी कोटी, तर टिकटिकबुवांचा साडेतीन हजार कोटी कोटी. टिकटिकबुवा म्हणजे न्यूट्रॉन मोजणारे तंत्रज्ञ. दर मीलनामागे एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, म्हणजे न्यूट्रॉन मोजले की मीलनं मोजली गेली, एवढंच त्यांचं म्हणणं. वीस वर्षं त्यांनी आपलं मोजणीयंत्र जिवापाड जपलं होतं. धूळ बसू नये म्हणून त्याला कापडाची टोपीही शिवली होती. टोपी विटली होती, पण रोज झटकली जायची.

सोमवारच्या बैठकीत दशांशबाईने सांगून टाकलं की मोजणीयंत्र म्हातारं झालंय, पाचातला एक न्यूट्रॉन त्याला दिसतच नाही. संचालकांनी मान डोलावली. गुरुवारी पुन्हा चाचणी घ्यायची. तेव्हाही आकडे जुळले नाहीत तर मोजणीयंत्र भंगारात आणि टिकटिकबुवा सामानाच्या कोठारात, नटबोल्ट मोजायला.  बुवांनी खोलीत जाऊन टोपी तेवढी झटकली. दशांशबाईला जरा वाईट वाटलं, पण आकड्यापुढे तिचा नाइलाज होता.

बुधवारी संध्याकाळी सासूबाईंबरोबर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना तिने हा पराक्रम ऐकवला, थोडं तिखटमीठ लावूनच. सासूबाईंनी तीस वर्षं एका इस्पितळाची धुलाईखोली चालवली होती, त्यामुळे चादरीची घडी आणि माणसाची फुशारकी दोन्ही त्यांना पटकन कळे. त्यांनी विचारलं, एका मीलनातून निघतं तरी काय काय?

"एक न्यूट्रॉन, आई. आणि हेलियमचं एक केंद्रक. पण त्याच्या वाट्याला थोडकीच ऊर्जा येते. पाचवा हिस्सा, बस."

सासूबाईंना धुलाईखोलीतला एक नवा कारकून आठवला. त्याने धुवायला आलेल्या कपड्यांचं वजन केलं, चारशे किलो. ते एका चादरीच्या वजनाने, म्हणजे आठशे ग्रॅमने भागलं आणि पाचशे खाटा भरल्याचं लिहून दिलं. इस्पितळात खाटा होत्याच मुळी चारशे. उरलेल्या शंभर शोधत बिचारा दोन दिवस जिने चढत होता.

"दर खाटेला उशीचा अभ्राही असतो ना गं," सासूबाई म्हणाल्या. "दोनशे ग्रॅमचा. वजनात तो धरायचा आणि भागताना विसरायचा, मग खाटा वाढतील नाहीतर काय?"

दशांशबाईच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. जुन्या यंत्रावर फक्त न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजत, म्हणून भागायचंही न्यूट्रॉनच्या वाट्यानेच. नव्यावर सगळीच ऊर्जा मोजली जात होती, आणि तिचा हात मात्र सवयीने जुन्याच आकड्याने भागत होता. वाणसामानाच्या यादीमागे तिने नव्याने गणित केलं. उत्तर बुवांचंच आलं.

 गप्प बसलं तर कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. बोललं तर नऊ वर्षांचं नाव एका अभ्र्यापायी जाणार होतं. पण डोळे मिटले की ती विटलेली टोपी दिसायची.

गुरुवारची चाचणी झाली, पुन्हा एक मेगावॉटची. बैठकीत ती आधी उठली आणि चूक कबूल केली, अगदी अभ्र्यासकट. फळ्यावर साडेतीन हजार कोटी कोटी लिहून ती म्हणाली की मोजणीयंत्र बरोबर आहे, तेव्हा ते आणि बुवा जागेवरच राहावेत.

संचालकांनी बुवांचा कागद उचलला. चष्मा वर केला, खाली केला. कागदावर चार हजार चारशे कोटी कोटी होते.

"सोमवारी तुम्ही वर होता, आज खाली आलात," संचालक म्हणाले. कुणीतरी खुदकन हसलं. दशांशबाईने मनातल्या मनात खाटा, चादरी, अभ्रे पुन्हा मोजले. सगळे जागच्या जागी होते. मग तिने बुवांकडे पाहिलं. बुवा टेबलाची कड नखाने खरवडत होते. संचालकांनी सोमवारी मानलेलाच आकडा आता त्यांच्या कागदावर होता, त्यामुळे ते गप्प राहिले असते तर त्यांची नोकरी तिथेच पक्की झाली असती आणि ती चारचौघांत वेडी ठरली असती.

बुवा उठले.

"साहेब, काल मीच मोजणीयंत्राचा गुणक, म्हणजे मोजणीला ज्याने गुणतो तो आकडा, सव्वापट केला," ते म्हणाले. "म्हटलं, बाई कधी चुकत नाहीत, आपलंच चुकलं असणार. वीस वर्षं ते खरं बोलत होतं, मीच त्याला खोटं बोलायला लावलं."

संचालकांनी दोघांनाही मनसोक्त झापलं. मग गुणक जागेवर आणवला आणि दुपारी तिसरी चाचणी घेतली. आकडे जुळले. कोठारात कुणी गेलं नाही. यापुढे मात्र बाईंचा भागाकार बुवांनी तपासायचा आणि बुवांचा गुणक बाईंनी, असा हुकूम निघाला. दशांशबाईला इतकं हलकं नऊ वर्षांत वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मोजणीयंत्राच्या डोक्यावर नवी टोपी होती. सासूबाईंनी घरातल्या एका अभ्र्याची शिवून दिलेली. बुवांनी ती दोनदा झटकली, नीट बसवली, आणि भागताना दशांशबाईला समोर दिसत राहील असं यंत्र जरा तिच्या टेबलाकडे वळवून ठेवलं.