पाच दिवसांचा कोर्स

हाटकेश भागातल्या एका मेडिकलमध्ये मी चौदा वर्षं काउंटरवर आहे. लोक मला डॉक्टरच म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं. कुणाचा घसा धरला, कुणाची दाढ ठणकली, की "समाधान डॉक्टर, काहीतरी दे." मी द्यायचो, दोन दिवसांच्या गोळ्या. चिठ्ठीबिठ्ठी कोण बघतंय!

घरीसुद्धा तेच. आमच्या लेकीचा, संघप्रियाचा, घसा लाल झाला, हिरडी सुजली, की मी संध्याकाळी खिशातून अँटिबायोटिक काढायचो. ताप उतरला की बंद. बायको, कृतिका, म्हणायची, "अहो, एकदा डॉक्टरला दाखवू ना." मी खेकसायचो, "मग मी काय इथे गोट्या खेळतोय?"

सातव्या वर्षी पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोच्या दुसऱ्या महिन्यात तिचं तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळतानाही रडायची. दोन दिवस तर बोललीच नाही. वर एकशे तीन ताप. वॉर्डातल्या डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या.

"तोंडातले जंतू रक्तात उतरलेत. नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीयेत. तिच्या अंगात आत्ता लढायची ताकद नाही, औषध आजच बदलायचंय. याआधी कुठली अँटिबायोटिक्स दिलीत, किती वेळा? नीट आठवून सांगा."

"एकदाच," मी म्हणालो. "पाच दिवसांचा कोर्स. पूर्ण."

कृतिकाने मान खाली घातली. मी मात्र रेटून बोललो होतो.

"नक्की?" बाईंनी जरा कडक आवाजात विचारलं.

तेव्हा संघप्रियाने चादरीतून हात वर केला, वर्गात करतात तसा.

"पप्पांना ओरडू नका," ती अडखळत म्हणाली. ओठाला रक्त आलं. "ते सगळ्या गोळ्या द्यायचे. मीच थुंकायचे." आणि तिने माझ्याकडे बघितलं, बरोबर बोलले ना, असं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आग लागो माझ्या डॉक्टरकीला! तोंडभर जखमा घेऊन पोर माझी अब्रू झाकत होती.

"थुंकली नाही ती," मी म्हणालो. "एकही नाही. मीच दोन-दोन दिवस द्यायचो. दहा-बारा वेळा तरी. वेगवेगळ्या." गोळ्यांची नावं धडाधड तोंडात आली, रोजचंच काम ते. बाई लिहीत गेल्या.

"माझ्यामुळे झालं ना हे?"

"तुमच्या एकट्यामुळे, असं नाही सांगता येणार. पण हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषध बदललं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी चमच्याने थंड दूध पाजायला गेलो, तर पोरीने तोंड फिरवलं.

"दुखतंय का गं?"

"नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मी तुमच्यासाठी बोलले, आणि तुम्ही मला डॉक्टरांसमोर खोटं पाडलंत."