वैऱ्याचं आजारपण

आमच्या फ्लॉरेन्सात विद्वानांना वैऱ्यावाचून चैन पडत नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे बिंदोंना, एकच वैरी वर्षानुवर्षं पुरला: उगोलिनो. जुन्या रोमन पोथीतली एक ओळ कोणी चुकीची वाचली, यावरून सुरुवात झाली. मग दोघांनी एकमेकांना अस्सल लॅटिनमध्ये अशा शिव्या लिहिल्या, की कसाईही लाजावा. वर त्यांच्या नकला गावभर वाटायच्या. घरात सरपण नसलं तरी चालेल, कागद हवा!

ताज्या ग्रंथात उगोलिनोचं शील, नाक, आजोबा, काहीच सुटलं नव्हतं. हे शेवटची ओळ घासूनपुसून ठेवत होते, तेवढ्यात बातमी आली: उगोलिनो तापाने फणफणलाय, वैद्याने हात टेकलेत.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बरं झालं, पीडा टळली," मी म्हटलं.

"वेडी आहेस का, टेसा? मग हे वाचणार कोण?"

"अख्खं गाव वाचतं ना तुमचं?"

"गाव! पाद्रीबुवा दुसऱ्या पानावर घोरतात. सावकाराने माझे कागद दाराला पाचर म्हणून लावलेत. यातली मेख कळायला उगोलिनोच लागतो!"

मग माझी अंडी देणारी कोंबडी कापली गेली. मी रस्सा केला आणि आम्ही दोघं तिकडे गेलो. उगोलिनो डोळे मिटून पडलेला, बहीण उशाशी रडत बसलेली. हे एका हाताने त्याला रस्सा भरवत होते, दुसऱ्या हातातला ग्रंथ वाचून दाखवत होते. वाचता वाचता नाकाच्या वर्णनापर्यंत आले, तशी त्याची पापणी हलली. आजोबांवर तर तो चक्क हसला.

"बिंदो," तो पुटपुटला, "झकास जमलंय रे."

ह्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

"पण वाक्यं लांबलीत, गाढवा."

"कुठं लांबलीत? दाखव!"

उगोलिनो दाखवायला उठून बसला, तो परत आडवा झालाच नाही. महिन्याभरात त्याचं उत्तर गावात फिरू लागलं. ह्यांनी मला त्याचं पहिलं पान आपल्या घरच्या बोलीत समजावून सांगितलं: बिंदोच्या घरचा रस्सा इतका पाणचट, की मरणारा माणूससुद्धा तो चुकवायला जगला!

मी हात पुसले आणि ह्यांच्यासमोर पाटी घेऊन बसले.

"शिकवा मला लॅटिन. याला उत्तर मी लिहिणार."